वीटभट्टी थांब्यावरच्या पिशव्या

मी रोज वीटभट्टीच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहत होतो. मला कुठेही जायचं नव्हतं. बस आली, दार उघडलं, की मी हातानेच नाही म्हणायचो. आत बसलेले लोक माझ्याकडे रागाने बघायचे. दार बंद व्हायचं, बस जायची आणि मी पुढच्या बससाठी उभा राहायचो. अर्धाअधिक उन्हाळा मी हेच केलं.

माझं नाव अंकुश ढोबळे. फरशी बसवण्याची कामं करतो. माझी बायको वैजयंता मागच्या उन्हाळ्यात गेली. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं. सरकारी हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तिथे थेट जाणारी एकच गोष्ट आमच्या भागात होती, ती म्हणजे जलद बस.

जलद बस नवी आली तेव्हा रस्त्याच्या मधोमध कठडे घालून दोन मार्गिका काढल्या. त्यातून फक्त बस जायची. उरलेल्या अरुंद पट्ट्यात रिक्षा, टेम्पो, दुचाक्या, सगळे कोंबले गेले. तेव्हा बसला ड्रायव्हर होता आणि वेळापत्रक होतं. पुढे विजेवरच्या, दोन डब्यांच्या जोडबस आल्या, ड्रायव्हर गेले आणि सगळा कारभार ‘ओघ’ नावाच्या यंत्रणेकडे आला.

ओघ म्हणजे काय हे मला माझ्या मुलीनेच समजावलं. तेजल जलद बस मंडळाच्या नियंत्रण कक्षात नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच रविवारी ती आईला सांगत बसली होती. प्रत्येक थांब्याच्या छताला एक डोळा असतो. खाली किती माणसं उभी आहेत आणि किती वेळ उभी आहेत ते तो बघतो. बसमध्ये किती माणसं आहेत तेही ओघाला कळतं. आपल्याकडे बस थांब्याजवळच्या उड्डाणपुलाखाली आली की ओघ हिशेब करतो, थांबायचं की पुढे जायचं.

“आई, समज बसमध्ये शंभर माणसं आहेत,” तेजल म्हणाली. “थांब्यावर एकटा माणूस उभा आहे. बस थांबली तर शंभर जणांचं अर्धं-अर्धं मिनिट जातं. म्हणजे पन्नास मिनिटं. नाही थांबली तर त्या एकट्याची पाच मिनिटं जातात, कारण मागून दुसरी येतेय. मग काय करायचं?”

“त्या एकट्याला चढवायचं,” वैजू भाकरी थापता थापता म्हणाली.

“अगं, पण का?”

“तो उभा आहे ना. बाकीचे बसलेत.”

तेजल हसली. मीही हसलो. ओघाचा हिशेब मला तेव्हा बरोबर वाटला होता. तो आल्यापासून शहरभरातल्या बस खरंच वेळेवर धावत होत्या. वर्तमानपत्रात कौतुक येत होतं.

आता आमच्या थांब्याची गोष्ट. तो पत्र्याचा आहे. उन्हाळ्यात त्याच्याखाली उभं राहणं म्हणजे तव्याखाली उभं राहणं. थोडं मागे, रस्त्याच्या कडेला, जुन्या भट्टीच्या भिंतीला लागून करंजाचं मोठं झाड आहे. बायकांची पहिल्यापासूनची पद्धत अशी, की थांब्यावर रांगेत पिशव्या ठेवायच्या आणि आपण करंजाखाली बसायचं. कुणाची पिशवी, कुणाची पाण्याची बाटली, कुणाचा दगडाखाली दाबलेला रुमाल. तो रुमाल म्हणजे तुमचा नंबर. त्याच्यापुढे कुणी घुसत नसे. जुने ड्रायव्हर लांबूनच पिशव्या बघून हॉर्न द्यायचे. मग बायका उठून यायच्या.

ओघ सुरू झाला तो पावसाळ्यात. तेव्हा सगळे पत्र्याखालीच उभे असायचे. म्हणून पहिला उन्हाळा येईपर्यंत कुणाला काही कळलं नाही.

त्या मंगळवारी दुपारी मी कामाला बाहेरगावी होतो. थांब्यावर पिशव्यांची लांब रांग होती आणि छताखाली माणूस एकही नव्हता. बस आवाज न करता आली आणि निघून गेली. बायका धावत येऊन उभ्या राहिल्या. पण ओघाच्या लेखी त्या आत्ताच आल्या होत्या. त्यांचं थांबणं त्या क्षणापासून मोजायला सुरुवात झाली. दुसरी बस भरलेली होती, तीही गेली. वैजूने रिक्षा केली. ती त्या अरुंद पट्ट्यात अडकली. हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत तिच्या शिफ्टचं मशीन दुसऱ्याला दिलं होतं. शुक्रवारी या म्हणाले.

गुरुवारी सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली. छातीत पाणी भरलं होतं. मी तिला उचललं तेव्हा ती म्हणाली, “गॅस बंद करा.” त्यानंतर बोलली नाही.

तेजलशी मी त्या दिवसापासून बोललो नाही. ती दहाव्याला आली, कडेला उभी राहिली आणि गेली. तिचा फोन आला की मी तो वाजू द्यायचो.

*

या वर्षी मंडळाने विस्तार काढला. पूर्वेच्या नव्या वसाहतींकडे दोन नवे मार्ग. नव्या बस मात्र नाहीत. आहेत त्यातल्याच तिकडे वळवायच्या आणि ज्या थांब्यांवर कमी माणसं असतात ते बंद करायचे. बंद करायच्या थांब्यांत वीटभट्टीचाही होता. महापालिकेच्या सभागृहात जनसुनावणी होती. मी वैजूची हॉस्पिटलची पिशवी घेऊन गेलो. निळी, मेणकापडाची. तिच्यात तिची शाल होती. डायलिसिसच्या मशीनवर थंडी वाजते म्हणून ती भर उन्हाळ्यातही शाल न्यायची.

माझ्याआधी पूर्वेकडची एक बाई बोलली. तिची मुलगी कॉलेजला जायला दोन गाड्या बदलते आणि संध्याकाळी परत येताना हायवेवर एकटी उभी असते. “आम्ही पण याच शहरात कर भरतो,” ती म्हणाली. “तुमच्या एका थांब्यासाठी आमच्याकडे बसच येऊ द्यायची नाही का?” मला तिचा राग आला नाही. तिचं खरं होतं.

माझी पाळी आली. मी पिशवी टेबलावर ठेवली.

“ही रांगेत होती,” मी म्हणालो. “हिच्या मागे माणूस होतं. तुमच्या यंत्राला दिसलं नाही. आमच्याकडे पिशवी म्हणजे माणूस.”

मंडळाचे अभियंता नाईकवडी समोर बसले होते. वयाने माझ्यापेक्षा लहान, शांत माणूस. ते म्हणाले, “ढोबळेकाका, तुमच्या घरी जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. ओघाला पिशव्या मोजायला शिकवता येईल. पण मग उद्या लोक पिशवी ठेवून घरी जाऊन झोपतील. भरलेली बस पिशव्यांसाठी थांबेल. चालेल?”

सभागृहात हसू फुटलं. पूर्वेकडची बाई मात्र हसली नाही.

“मग आमचा थांबा राहावा म्हणून काय करायचं?” मी विचारलं.

“उन्हाळाभर आकडे बघू. तिथे माणसं दिसली तर थांबा राहील.”

माणसं दिसली तर. एवढंच मी डोक्यात घेऊन बाहेर पडलो.

*

दुसऱ्या दिवशी मी कंत्राटदाराला सांगून टाकलं की उन्हाळाभर मी कामावर येणार नाही. मग वस्तीत फिरलो. बायकांना म्हणालो, पत्र्याखाली उभं राहा. त्या उभ्या राहिल्या. एक दिवस, दोन दिवस. मग एका म्हातारीला भोवळ आली आणि सगळ्या पुन्हा करंजाखाली गेल्या. त्यांचं काय चुकलं? मी म्हणालो, तुम्ही बसा सावलीला. तुमच्या वाटचा मी उभा राहतो.

मी वैजूची पिशवी रांगेत पहिली ठेवायचो आणि तिच्यामागे उभा राहायचो. हळूहळू वस्तीतले चार-पाच म्हातारे माझ्यासोबत यायला लागले. त्यात बाबू तांबट होता, एसटीचा रिटायर्ड कंडक्टर.

“जन्मभर लोकांना चढा, पुढे सरका म्हणून ओरडलो,” बाबू म्हणायचा. “आता दारात उभं राहून चढू नका म्हणतोय. मेल्यावर पेन्शन कापतील माझी.”

“तुझी पेन्शन तशी पण बायकोच खाते,” दुसरा म्हणायचा.

आणि बस थांबायला लागल्या. एकही चुकत नव्हती. लांबून येताना दिसायची, वेग कमी व्हायचा, दार उघडायचं. करंजाखालच्या बायकांपैकी कुणी असेल तर ती आरामात येऊन चढायची. कुणी नसलं तर आम्ही हात हलवायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मी वैजू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो. मला वाटलं, जमलं. माणसं दिसायला लागली.

मग एखादी बस न थांबता जायला लागली. आधी दुपारची, मग सकाळचीसुद्धा. मला वाटलं, मंडळाने मुद्दाम चालवलंय. थांबा बंद करायचाच आहे, म्हणून डोळा बंद केला असेल. मी आणखी लवकर जायला लागलो. चक्कर आली की कठड्याला धरायचो. बाबूला उन्हाचा ताप चढला आणि त्याच्या मुलाने मला दारात उभं करून सुनावलं. “तुमची बायको गेली म्हणून आमचा बाप मारता का?” त्यानंतर म्हातारे यायचे बंद झाले. मी एकटाच जात राहिलो.

*

सलमा वैजूची डायलिसिसची सोबतीण. वीटभट्टीतच राहते, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. दोन लहान मुलं आहेत. वैजू आणि ती एकाच शिफ्टला जायच्या, शेजारच्या पलंगांवर असायच्या. मला भाऊ म्हणते.

त्या दिवशी तिचे पाय सुजलेले होते. चेहराही. आधीचं एक डायलिसिस तिचं मुलाच्या आजारपणात चुकलं होतं. ती करंजाखाली गेली नाही, माझ्याशेजारीच पत्र्याखाली उभी राहिली.

“बसा की सावलीत,” मी म्हणालो. “मी आहे.”

“नको भाऊ. आज मला दिसू दे त्याला.”

एक बस गेली. आम्ही दोघं छताखाली ठळक उभे होतो. दुसरी बस गेली. तिच्यात जागा होती. खिडकीतून मोकळ्या सीटा दिसल्या मला.  सलमा कठड्यावर टेकली आणि तोंडाने श्वास घ्यायला लागली. तो आवाज मी ओळखत होतो.

तिसरी बस पुलाखालून बाहेर पडली. तिचा वेग कमी होत नव्हता. मी कठडा ओलांडला आणि मार्गिकेत उभा राहिलो.

बस थांबली. माझ्यापासून हातभर अंतरावर. फलाट अजून थोडा पुढे होता, म्हणून दार उघडलं नाही. आतले लोक उभे राहून काचेवर मारायला लागले. मागे दुसरी बस येऊन थांबली, तिच्यामागे आणखी एक. मग बसच्या कपाळावरच्या स्पीकरमधून आवाज आला.

“मार्गिकेत उभे असलेले गृहस्थ, कृपया बाजूला...” आवाज थांबला. मग हळू आला. “पप्पा?”

मी मान वर केली.

“पप्पा, बाजूला व्हा.”

“दार उघड.”

“फलाटाला लागल्याशिवाय दार उघडत नाही. तुम्ही बाजूला झालात की बस फलाटाला घेते.”

“मी बाजूला झालो की ही निघून जाईल. तशीच जाते रोज.”

“आता ओघ चालवत नाहीये. मी चालवतेय.”

मी हललो नाही. मला तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. वर्षभर ठेवला नव्हता.

“सलमा आहे,” मी म्हणालो. “तिची शिफ्ट आहे.”

 मागच्या बसमधूनही काचेवर मारल्याचा आवाज येत होता.

“मला दिसतेय ती,” तेजल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “पप्पा, उशीर होतोय तिला. बाजूला व्हा ना.”

वैजूही असंच म्हणायची, शेवटी ‘ना’ लावून. मी कठड्याकडे सरकलो. बस हळूच पुढे आली, फलाटाला लागली आणि दार उघडलं. सलमाला मी दंडाला धरून चढवलं. कुणीतरी उठून तिला जागा दिली. दार लागलं, बस गेली आणि मी तिथेच पत्र्याखाली खाली बसलो.

*

संध्याकाळी तेजल घरी आली. दारात चपला काढून तशीच उभी राहिली. मी ये म्हणालो नाही, जा पण म्हणालो नाही. ती आत येऊन जमिनीवर बसली.

“सलमाताईला मशीन मिळालं,” ती म्हणाली. “मी फोन करून विचारलं.”

“तुझं काय झालं?”

“चौकशी लागलीय. हाताने बस फक्त अपघातात चालवायची असते.” मग ती म्हणाली, “पप्पा, मी आज तुमच्या थांब्याचे आकडे उघडून बघितले. आईचं झाल्यापासून मी तो थांबा उघडलाच नव्हता. दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावायचे.”

“डोळा बंद केलाय ना त्याचा?”

“नाही. डोळा नीट आहे. तुम्ही रोज दिसता त्याला.”

“मग थांबत का नाही?”

  तिने सांगितलं. ओघ नुसती उभी असलेली माणसं मोजत नाही. त्यातली किती चढली हेही बघतो. थांब्यावर फेरीवाला बसतो, पावसात कुणी आडोशाला येतं, पोरं गप्पा मारत उभी असतात. त्या सगळ्यांसाठी बस थांबायला लागली तर रस्ता तुंबेल. म्हणून दार उघडून कुणी चढलं नाही, की ओघ त्या थांब्यावरचा भरवसा थोडा कमी करतो. पुढच्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाला पूर्ण माणूस धरत नाही.

“तुम्ही इतके दिवस उभे राहिलात,” ती म्हणाली. “आणि एकदाही चढला नाहीत.”

मला कळलं होतं, तरी विचारलं. “पण आज सलमा होती ना. ती चढणार होती.”

“ती तुमच्या शेजारी उभी होती, पप्पा. ओघाला तीही तुमच्यासारखीच वाटली.”

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बादली भरून वाहायला लागली, तरी उभा राहिलो. वैजूच्या वेळी यंत्राने पिशवीमागचं माणूस पाहिलं नाही. सलमाच्या वेळी माणूस डोळ्यासमोर होतं आणि ते खोटं वाटावं याची सोय मी केली होती. रोज. वैजूच्या पिशवीमागे उभं राहून.

तेजलने येऊन नळ बंद केला.

“हे मोडता येत नाही का?” मी विचारलं. “तुला तिथून?”

“नाही येत. मी विचारून बघितलं. नाईकवडी साहेब म्हणाले, एका थांब्यासाठी केलं तर सगळे मागतील. आणि ते खोटं बोलत नाहीयेत.”

“मग?”

“एकच आहे. जो उभा राहील त्याने चढायचं. प्रत्येक वेळी. मग भरवसा हळूहळू परत येतो.”

“चढून जायचं कुठे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, “ती बस हॉस्पिटललाच जाते, पप्पा.”

*

वैजू गेल्यापासून मी त्या बसमध्ये बसलो नव्हतो. पहिल्या दिवशी तर बस थांबायलाच तयार नव्हती. मी पत्र्याखाली उभा राहिलो, एकामागून एक जात राहिल्या. ज्या बससमोर दार उघडल्यावर मी हात हलवायचो, तिने आता दार उघडावं म्हणून मी हात जोडून उभा होतो. यंत्राला हात जोडलेले कळत नाहीत हे मला माहीत होतं. दुपारी एक थांबली. बहुतेक रिकामी होती म्हणून. मी चढलो.

आत गार होतं. मी दाराजवळच्या सीटवर बसलो आणि पिशवी मांडीवर धरली. सगळे थांबे मला पाठ होते. हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा सगळ्यांच्या मागून उठलो. उतरलो. फाटकासमोरच्या चहावाल्याने मला ओळखलं. “काय काका, बऱ्याच दिवसांनी. मावशी कशा आहेत?” त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ‘बरी आहे’ म्हणालो, समोरच्या थांब्यावरून परतीची बस धरली, घरी आलो आणि पुन्हा पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो.

असं मी रोज केलं. जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. बाबू बरा झाल्यावर मुलाला चुकवून आला. “आता चढायचं म्हणतोस ना? मग माझ्या ओळखीचं काम आहे,” म्हणाला, आणि सवयीने दारातच उभा राहिला. करंजाखालच्या बायकांनाही मी सांगितलं, की बस पुलाच्या पलीकडे असतानाच उठून छताखाली यायचं. पुलापलीकडच्या पानटपरीवाल्याने लांबून बस दिसली की शिट्टी मारायचं कबूल केलं. हॉर्नच्या जागी शिट्टी.

उन्हाळा संपला तेव्हा मंडळाचा निर्णय आला. पूर्वेचे दोन्ही मार्ग मंजूर झाले. त्या बाईच्या मुलीला बस मिळाली. वीटभट्टीचा थांबा पुढच्या आढाव्यापर्यंत राहील. पुढच्या आढाव्यात आकडे पुन्हा बघतील. त्याच्या पुढच्यातही. तेजलला नियंत्रण कक्षातून काढून पासच्या खिडकीवर बसवलं.

“म्हणजे हे असंच चालू ठेवायचं?” तिने मला विचारलं. आता ती रविवारी येते, भाकऱ्या करते. तिच्या भाकऱ्या फुगत नाहीत. “कुठवर, पप्पा?”

“चढता येतंय तोवर.”

“आणि नंतर?”

मी तिची न फुगलेली भाकरी मोडली. 

परवा सलमासोबत गेलो. तिच्यासोबत वॉर्डापर्यंत जायची माझी हिंमत आजवर झाली नव्हती. मी बाहेर फाटकावरूनच परत फिरायचो. परवा तिला धाप लागली होती, म्हणून आत गेलो. मशीनच्या नळ्या लावल्या. शेजारच्या पलंगावर कुणीतरी दुसरी बाई होती. मी तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने सलमाचे दात वाजायला लागले. शाल घरी राहिली, म्हणाली.

मी निळी पिशवी उघडली. वर्षभर ती मी रांगेत ठेवली, मांडीवर धरली, उशाशी घेऊन झोपलो, पण उघडली नव्हती. शाल वैजूने घडी घालून ठेवली होती तशीच होती. मी ती झटकली आणि सलमाच्या अंगावर टाकली. पाय उघडे राहत होते, ते झाकले.

मग रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि परतीची बस धरायला निघालो. थांब्यावर ऊन होतं. मी छताखाली, डोळ्याच्या बरोबर खाली उभा राहिलो. बस दिसली, वेग कमी झाला, दार उघडलं. मी चढलो.